जळक्या तेलाच्या जाऊबाई

जळलेलं तेल बोटावर चोळून, हुंगून माझ्या थोरल्या जाऊबाई सांगायच्या, "यात पुऱ्या तळल्या, मंग मासोळी. अन् पाणीबी पडलं आहे." ते खरं निघायचं. आमच्या अड्याळ गावात कुणाकडे तेरवी असली की बाकीचे गेलेल्या माणसासाठी हळहळायचे, यांचा जीव मात्र आचाऱ्याच्या कढईत. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन हजर! बायका पाठीमागे त्यांना 'जळकं तेल' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर. लग्न झालं, पदवी पेटीत गेली आणि त्या चुलीपाशी. पण मागच्या अंगणात ड्रम मांडून त्या या तेलाचं डिझेल करायच्या. तेल गाळून, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, मग निवल्यावर मिथेनॉलमध्ये विरघळवलेला कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं. मिथेनॉल त्यांचा भाऊ भंडाऱ्याहून आणून द्यायचा. ड्रमच्या तळाशी काळपट ग्लिसरीन बसायचं आणि वर इंधन तरंगायचं. सोडा किती लागेल ते त्या आधी वाटीभर नमुन्यात हळद टाकून, थेंब थेंब सोडा घालत बघत. हळद लाल झाली की हिशोब जमला. "कॉलेजात हा रंग पाह्यालेच लई महागाची बाटली होती," असं म्हणून हसायच्या.

भंडाऱ्याच्या एका कॉलेजात त्यांना प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती, येत्या ऑगस्टपर्यंत रुजू व्हायचं होतं. आमच्या शेतातल्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, पाणी उपसायचं डिझेल इंजिन होतं. आमचे सासरे, मामाजी, थट्टेत म्हणाले, "बोडीवरचं इंजिन उन्हाळी धानाले पुरा हंगाम तुया तेलावर चालवून दाखव, मंग जाय." भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, वडिलांपुढे कधी तोंड उघडत नसत.

जाऊबाईंनी ती थट्टा खरी धरली. नोकरीसाठी त्या अशा राबल्या की मला बघवत नसे. इंजिन चाललं, एकदाही अडलं नाही. धुराला भज्यांचा वास यायचा आणि बांधावरच्या माणसांना अवेळी भूक लागायची. मामाजी तर साऱ्या गावाला बोलावून दाखवत सुटले. धान कापून झाल्यावर जाऊबाईंनी नोकरीचा विषय काढला, तेव्हा ते अगदी प्रेमाने म्हणाले, "आता तू गेली तं हे तेल कोन बनवन?"

माझ्या अंगाची आग झाली. त्यांनी काम बिघडवलं असतं तर त्या सुटल्या असत्या!

आठवड्याने ड्रम घासता घासता त्यांनी मला विचारलं, "शिकते काय तू? दोन महिन्यांत येते."

"मले नाही समजत ते, बाई," मी म्हणाले.

खोटं बोलले. हळदीचा रंग मला केव्हाच कळायला लागला होता. पण शिकले की तो ड्रम माझ्या गळ्यात पडणार, हेही कळत होतं. नंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नोकरीची मुदत टळून गेली.

पुढे माझ्या नवऱ्याला वरठीच्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. निघताना जाऊबाई रस्त्यापर्यंत आल्या, माझी पिशवी स्वतः ऑटोत ठेवली. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "शिकली नाही ते बरं केलं तू. तुया जागी मीबी हेच केलं असतं."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.