दीक्षाचा पहिला भात

माझी दीक्षा अकरा वर्षांची आहे, पण शाळेच्या रांगेत ती दुसरीतल्या मुलींएवढी दिसते. पाचव्या वर्षी तिला दिवसभर झटके यायचे. औषधं बदलून बदलून थकल्यावर धंतोलीतल्या डॉक्टरांनी आहाराचा उपचार सुचवला. भात, पोळी, साखर बंद. जेवण म्हणजे लोणी, साय, खोबरेल तेल, अंडी आणि काट्यावर तोलून थोडीशी भाजी. झटके थांबले. दोन वर्षांनी आहार सैल करून पाहिला, तर ती भर वर्गात पडली, सगळ्यांसमोर. मग पुन्हा लोणी, पुन्हा काटा.

त्यामुळे दीक्षाला पदार्थांच्या चवी आठवत नाहीत, वास मात्र पाठ आहेत. कुणाच्या डब्यात बटाटा आहे ते ती झाकण उघडायच्या आधी सांगते. बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर वाढायचं काम हट्टाने मागून घेते. गेल्या वर्षी एक बाई म्हणाल्या, "तू बी घे ना बेटा." तर ही म्हणते, "मले चालत नाही काकू. माह्या वाट्याची तुम्हीच घ्या." सगळे हसले. मीही हसले.

या हिवाळ्यात तिचं पोट दुखू लागलं. मूतखडा निघाला. हाडंही कच्ची राहिली आहेत.

"हे सगळं या आहारामुळेच असावं. आता तो हळूहळू सोडवायला हवा," डॉक्टर म्हणाले.

"आणि झटके परत आले तर?"

"येतील किंवा येणारही नाहीत. पण असंच चालू ठेवता येणार नाही."

मी एम.एस्सी. आहे. घरात सगळे झोपले की मी यावरचे लेख शोधून वाचते. शंभरातल्या किती मुलांचं काय झालं ते त्यात असतं. दीक्षाचं काय होईल ते नसतं.

आज पहिला भात होता, वाटीच्या तळाला पुरेल एवढा. माझ्या नवऱ्याने, अश्विनने, हिंगण्याच्या कंपनीतली शिफ्ट बदलून घेतली होती. माझ्या सासूबाई, भीमाबाई, सकाळपासून खुशीत होत्या. "आज माही नात भात खाते गा," असं त्यांनी दूधवाल्यालाही सांगितलं.

दीक्षाने वाटी हातात घेतली नाही. आतून गादी ओढत आणली, खुर्ची लांब सरकवली, केसांतली पिन काढून ठेवली आणि गादीवर मांडी घालून बसली.

"हे काय करून राहिली वं?" सासूबाईंनी विचारलं.

"पडली तर लागू नये ना, आजी."

अश्विन उठून गॅलरीत गेला.

चमचा तोंडाशी नेऊन ती थांबली. "मम्मी, मी पडणार नाही ना?"

"सांग ना वं मेघा," सासूबाई म्हणाल्या, "नाही पडत म्हण! लेकरू थांबून राहिलं."

मला एवढंच म्हणता आलं, "मी इथंच बसते तुझ्याजवळ."

"म्हणजे पडू शकते." तिने चमचा खाली ठेवला. "मग मले मूतखडाच चालते. तो फक्त दुखते. वर्गात कोणाले दिसत नाही."

सासूबाईंनी वाटीवर झाकण ठेवलं. उद्या पुन्हा तेवढाच भात शिजवायचा आहे. ती पुन्हा तेच विचारेल.