टिकलीखालचं कपाळ

आमच्या लालबागच्या खोलीत माणसं चार आणि दार एक. अशा घरात कुणी कुणापासून काही लपवू शकेल यावर माझा विश्वास नव्हता. ताईने लग्न ठरवलं तेव्हा ती सांगायच्या आधीच मला तिच्या फोनवरच्या हसण्यावरून कळलं होतं. बाबांनी चोरून खाल्लेली तंबाखू तर शेजाऱ्यांनाही कळायची. त्यामुळे आईने आपलं कपाळ वर्षानुवर्षं आमच्यापासून लपवून ठेवलं होतं हे मला रसायनशास्त्राच्या तासाला कळलं, तेव्हा मी अक्षरशः थिजले.

रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला होता. बारावी कॉमर्सने केली आणि मग नर्सिंगचं डोक्यात बसलं. सायन्स नसलं तरी प्रवेश मिळेल, पण आधी रसायनशास्त्राची ओळख करून घे, असं सगळ्यांनी बजावलं. म्हणून पुढे नर्स, लॅब टेक्निशियन वगैरे होऊ पाहणाऱ्यांसाठी चालणाऱ्या एका ऑनलाइन क्लासला नाव घातलं. रोज संध्याकाळी तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून बसायचं. मॅडमची अट एकच होती, कॅमेरा चालू हवा. मोल म्हणजे काय हे मला काही केल्या समजेना. शेवटी बाबा म्हणाले, "डझन असतं ना, तसंच. फक्त भलं मोठं डझन." तेवढ्या ज्ञानावर मी पहिली परीक्षा निभावली.

स्क्रीनवरच्या माझ्या चौकोनात माझ्यामागे आई दिसायची, ओट्यापाशी, पाठमोरी. ती वळली की तिची टिकली दिसायची. ही टिकली म्हणजे आमच्या चेष्टेचा हक्काचा विषय. मी लहान असताना ती मसुराच्या दाण्याएवढी होती. मग वाढत वाढत तिने रुपयाच्या नाण्याला मागे टाकलं. "आई, अजून दोन वर्षांनी ही नाकावर उतरेल बघ," ताई म्हणायची, आणि आईही हसायची. दादरच्या बाजारातून पाकिटं आणायचं काम बाबांचं, आणि ते दर खेपेला थोडी मोठी शोधून आणायचे. आई झोपायची ती टिकलीसकट आणि आंघोळ करून मोरीतून बाहेर यायची तीही टिकली लावूनच. यात काही वेगळं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

आईचं दुसरं नवल म्हणजे मासे. मालवणी बाई, हाताला अशी चव की वास आला की मजल्यावरची मांजरं दारात यायची. पण स्वतः तुकडा तोंडात घालायची नाही. "देवाला सोडलंय," एवढंच सांगायची. कुठल्या देवाला, असं विचारलं तर "जेव गप" असं उत्तर मिळायचं. कालवण ती चाखतसुद्धा नसे, म्हणून मीठ नेहमी कमी पडायचं. आम्ही तिची पाठ वळली की वरून घ्यायचो. जी स्वतः खात नाही तिला काय नावं ठेवायची?

त्या संध्याकाळी फिनॉलचा धडा चालू होता. अंगाला रोज लागणारी एखादी वस्तू घेऊन बसा, असं मॅडमनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. कुणी साबण धरला, कुणी केसांचा कलप. मी आईच्या टिकल्यांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर नाचवलं. मला वाटलं, लाल रंगाबद्दल काहीतरी बोलतील.

"छान. पण ही कपाळाला चिकटते कशाने?" मॅडमनी विचारलं.

"गोंदाने."

"मग गोंदाबद्दलच बोलू या. काही टिकल्यांच्या गोंदात फिनॉलच्या कुळातलं एक केमिकल असतं. सगळ्यांना त्रास होत नाही. पण काहीजणींच्या स्किनमधल्या रंग तयार करणाऱ्या पेशीच ते मारून टाकतं. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. घरच्यांना वाटतं कोड आलं. आणि मग तो डाग झाकायला त्या बायका काय करतात? आणखी मोठी टिकली लावतात."

माझ्यामागे गॅस बंद झाल्याचा आवाज आला. मी वळून बघेपर्यंत आई माझ्या खांद्याला खेटून खाली बसली होती, ओल्या हातांनी, थेट कॅमेऱ्यासमोर. जी बाई फोटो काढायचा म्हटलं की आत पळायची, ती.

"बाई, तो डाग परत जातो काय हो?" तिने विचारलं. आणि टिकलीच्या कडेला नख घालून तिने ती सोलून काढली.

भिंतीवरून जुनं कॅलेंडर काढलं की मागचा रंग कसा वेगळाच दिसतो, तसं ते होतं. गोल, पांढरंफटक, कडा एकदम स्वच्छ. माझ्या आईचं कपाळ मी पहिल्यांदा बघत होते, आणि माझ्याबरोबर चाळीसेक अनोळखी पोरं बघत होती. कुणी हसलं नाही. एका चौकोनातल्या मुलीचा हात तेवढा आपल्या कपाळाकडे गेला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, मी केमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही. बघून मला हे सांगता येणार नाही. उद्याच्या उद्या स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तोवर ती परत लावू नका."

क्लास संपल्यावर मी भडकलेच. "घरात आम्हाला दाखवलं नाहीस, आणि त्या परक्या पोरांना दाखवलंस?"

"मग?" आई म्हणाली. "त्यांच्यात काय ताईची सासू बसली नव्हती."

मग तिने एकेक सांगितलं, आणि मला सगळं एकदम दिसलं. आईला वाटत होतं, आपल्याला कोड आलंय. ते आलं कशाने, तर मासे खाऊन वर लगेच चहा प्यायची तिला सवय होती. माशावर दूध प्यायलं की कोड येतं, असं गावाकडच्या बायका सांगायच्या, आणि चहात दूध असतंच. म्हणून तिने मासे सोडले. नवस नव्हता, देव नव्हता. ती शिक्षा होती आणि तिची तिनेच स्वतःला दिली होती. हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला ती जायची नाही, कारण कुंकू लावायला कुणी तिच्या कपाळाजवळ हात नेला तर? आम्ही तिला माणूसघाणी म्हणायचो. आईला कोड आहे असं कळलं तर पोरीला कोण करून घेईल, हा एकच विचार इतकी वर्षं ती कपाळावर चिकटवून फिरत होती. आणि आता ताईचं लग्न महिन्यावर आलं होतं.

बाबा आले. त्यांनी तिचं मोकळं कपाळ बघितलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुला मोठी आवडते."

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन परळच्या एका हॉस्पिटलात चालत गेले. तिने कपाळावरून पदर घेतला होता. डॉक्टर ताईच्या वयाची असेल. तिने दिव्याखाली डाग तपासला, अंगावर आणखी कुठे काही आहे का ते बघितलं, आणि टिकलीचाच प्रताप आहे असं सांगितलं. मलम दिलं. रंग परत येऊ शकतो, पण वेळ लागेल आणि खात्री देता येत नाही. टिकली मात्र आजपासून पूर्ण बंद. कपाळाला सध्या कुंकूसुद्धा नको.

म्हणजे डाग जायला हवा असेल तर तो आधी सगळ्यांना दाखवायला हवा. आणि रविवारी विहीणबाई प्रभादेवीहून जेवायला येणार होत्या.

"लग्न होईपर्यंत लाव," बाबा म्हणाले. "एवढी वर्षं लावलीस, आणखी एक महिना."

ताई कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "माझ्या लग्नासाठी ही आणखी एक दिवस जरी लावलीस ना आई, तर त्यांनी मोडायची वाट बघणार नाही. मीच मोडेन."

रविवारी सकाळी आईने बाजारातून बांगडे आणले, तिरफळं घालून कालवण केलं आणि बेल वाजल्यावर स्वतः दार उघडलं. नवी साडी, गळ्यात मंगळसूत्र आणि कपाळ मोकळं.

विहीणबाई चपला काढता काढता थबकल्या. "अहो, कपाळाला काय झालं?"

"टिकलीच्या गोंदाने झालंय. डॉक्टर म्हणाल्या, कोड नाही." आईचा आवाज स्थिर होता, पण पदराचं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं.

"असं होय," विहीणबाई म्हणाल्या आणि आत आल्या. बस, एवढंच. चेहऱ्यावरून काही थांग लागेना. ताईचा रंग उडाला होता. पानं वाढली, त्यांनी पहिला घास घेतला, आणि घरात इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं ते त्या बोलल्या. "जरा मीठ वाढा हो. कालवणात कमी आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. आईने एकेकाकडे बघितलं. आम्ही तिघांनी ताटात माना घातल्या.

निघताना आईने करंडा आणला आणि त्यांना हळदीकुंकू लावलं. त्यांनीही रीतीप्रमाणे कुंकवात बोट बुडवून आईच्या कपाळाकडे नेलं, आणि ते त्या पांढऱ्या गोलासमोर थांबलं. सवाष्णीला कुंकू न लावता परतायचं कसं, आणि लावायचं तर कुठे?

"मला सध्या चालणार नाही," आई कशीबशी म्हणाली.

"हो ना. मग हे आता वाया कशाला घालवू?" म्हणून त्या वळल्या आणि बोटावरचं कुंकू त्यांनी ताईच्या कपाळावर टेकवलं. "पुढच्या आठवड्यात साड्या बघायला जाऊ. तुम्हीही यायचं हं विहीणबाई, सबब नको."

दार लागलं. ताई रडत होती, मला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. आई ओट्यापाशी गेली. तिने ताटली घेतली, टोपातला उरलेला बांगडा त्यात काढला आणि उभ्याउभ्या एक तुकडा मोडून तोंडात घातला. तिने काटा सहज जिभेवर वेगळा काढला, जशी रोजच खात असावी.

"खरांच मीठ कमी आसा," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळली, आणि आता तिचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्सां तुमी ह्या असांच खाल्लात? एकानय माका सांगूक नाय?"

बाबांनी मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली.