मास्तरांचं हसू

गल्लीत सगळे त्याला रेडिओ म्हणत. हातात वस्तरा आला की तोंड सुरू, आणि गिऱ्हाईक हसलं नाही तर दिवस फुकट गेला असं मानणारा हा न्हावी. "दाढी कोणीही करील, हसवून दाखवा!" असा त्याचा तोरा.

तो तोरा मास्तरांनी उतरवला. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, विनोद संपायच्या आत हसून खुर्ची हलवणारं. गेलं वर्षभर मात्र चेहरा ढिम्म. बोलणंही ओठातल्या ओठात. शिकलेल्या माणसाला आपले विनोद आता हलके वाटू लागले, असं रेडिओने परस्पर ठरवून टाकलं आणि रुसून मास्तरांची दाढी मुक्याने उरकू लागला.

एका सकाळी मास्तरांसोबत त्यांच्या पत्नी, काकूही आल्या आणि बाकावर बसल्या. मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. साबण लागला तसा काकूंचा बांध फुटला.

"तुझ्याशी तरी बोलतात का रे हे? माझ्यावर वर्षभर तोंड फुगवून बसलेत. काय चुकलं तेही सांगत नाहीत. उद्या लेकीकडे चाललेय मी. परत नाही यायची."

मास्तर काहीतरी पुटपुटले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. रेडिओला इतकं अवघडलं की तोंडात आला तो जुनाच विनोद त्याने सांगून टाकला. "टकलू गिऱ्हाईक रुबाबात म्हणालं, भांग डावीकडे पाड. मी म्हटलं, आधी आठवा, केस कुठे ठेवलेत!"

आरशातला चेहरा तसाच. पण अंगावरचं कापड पोटापाशी गदगदा हलत होतं.

"मास्तर, हसताय तुम्ही?"

"मग काय करतोय!"

वर्षभर आपण या माणसावर फुकट रुसलो, याची रेडिओला मनापासून लाज वाटली. "काकू, इकडे या. पोटावर हात ठेवा यांच्या."

काकूंनी बिचकतच हात ठेवला. मग कितीतरी वेळ उचलला नाही. "घरीसुद्धा हसत होतात?"

"रोज. मला वाटलं, तुला दिसतंय."

रेडिओने आग्रह धरला म्हणून दोघं डॉक्टरांकडे गेली. पार्किन्सन्स निघाला. चेहऱ्याचे स्नायू आखडतात, आतला माणूस तसाच असतो, असं डॉक्टर म्हणाले.

लेकीकडे जाणं राहिलंच. आता दाढीच्या दिवशी काकू बाकावर बसत नाहीत, खुर्चीला खेटून उभ्या राहतात, हात मास्तरांच्या पोटावर. विनोद संपला की रेडिओ आरशात बघतच नाही. काकूंकडे बघतो.

"हसले," त्या सांगतात.