गुंडाच्या गळ्यातला धागा

२०१६ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो आणि तोवर कोणाच्या दारात काही मागायला उभा राहिलो नव्हतो. त्या दुपारी उभा राहिलो, तेही माझ्याच घरचा पाण्याचा गुंड मागायला.

कोष्टीपुऱ्यातल्या एका ओसरीवर हातमागाशी एक म्हातारी बसली होती. तिच्यापुढे एक तरणी बाई कुकर घेऊन उभी. म्हातारीनं निळा धागा बोटांवर मोजला, दातानं मधोमध तोडला, अर्धा कुकरच्या कानाला बांधला आणि अर्धा त्या पोरीच्या हातात दिला.

"ठेव माय. माझ्या घरातून आता काही जात नाही."

मला ती बढाई वाटली.

आमचा पाण्याचा पितळी गुंड सुनेच्या लग्नातला. भंडाऱ्याच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात मी जन्मभर नावं टाकली. छिन्नी आणि हातोडी, बस. शाळा चौथीपर्यंत, पण माझं टिंब कधी हललं नाही. आता मशीननं नावं टाकतात, त्याला मी अक्षर म्हणत नाही. सुनेचं नाव त्या गुंडावर मीच टाकलं होतं. तो गुंड पाणी ठेवायच्या घिडौचीवरून गेलेला पाहिला, तेव्हा मला वाटलं, पोरानं विकला. पोरगा प्यायचा. मी घरात तसं बोलत नव्हतो. पण सून म्हणाली, "विकला नाही, मामाजी. त्यानं विकू नये म्हणून कोष्टीपुऱ्यात मावशीकडं ठेवला." याचा मला जास्त राग आला. विकला असता तर दुकानदाराला कळलं असतं. ठेवला, म्हणजे साऱ्या मोहल्ल्याला कळलं.

"आमचा गुंड आहे तुमच्याकडं," मी म्हणालो.

"असंल."

"परत द्या."

"धागा आणला का?"

"धागा कायले पाहिजे? नाव आहे त्याच्यावर. मीच टाकलं. वाचून पाहा."

"मले वाचता येत नाही, भाऊ. तुमाले येते न? मंग सांगा, कोणाचं नाव आहे?"

नाव सुनेचं होतं.

"तिले पाठवा मंग," म्हातारी म्हणाली आणि मागात धोटा फेकला. माझ्याकडं पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. अशी बाई. सारा मोहल्ला तिला मावशी म्हणायचा. मी बाई म्हणायचो, शेवटपर्यंत.

मी पुन्हा गेलो. गुंड जागेवर आहे का ते पाहायला गेलो, दुसरं काही नाही. आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गंज, कोपर अशी भांडी, शिलाई मशीनचं डोकं, पोरांची दप्तरं, धानाच्या बियाण्याचं पोतं, एक लहान सायकल. सगळ्यांच्या गळ्यात धागे, लाल, पिवळे, मोरपंखी, लुगड्याच्या काठातून उरलेले. कोणाकोणाच्या घरी काय चाललं आहे ते त्या खोलीत दिसत होतं, पण नाव कोणाचंच दिसत नव्हतं. सकाळी बाया यायच्या, धागा दाखवून कुकर न्यायच्या, रांधायच्या आणि नवरा यायच्या आत परत आणून ठेवायच्या.

एकदा एकीनं बकरी ठेवली. तिच्याही गळ्यात धागा. बकरीनं तो खाऊन टाकला. मालकीण आली तेव्हा अर्धा धागा तिच्या हातात, अर्धा बकरीच्या पोटात. मी म्हणालो, "आता ओळख कशी पटवता?"

"बकरीले विचारा न, भाऊ."

त्या बाईनं नुसतं "ये वं" म्हटलं, तशी बकरी तिच्या लुगड्यात घुसली. म्हातारीनं माझ्याकडं असं पाहिलं, जसा मी मॅट्रिक नापास झालो.

एकदा एक नवरा झोकांड्या खात आला. "माह्या बायकोचं सामान काढ."

"धागा आणला का?"

तो बिचारा खरंच खिसे चाचपू लागला. शर्टाचा, पॅन्टचा, पुन्हा शर्टाचा. मग पायरीवर बसला आणि तिथंच झोपला. म्हातारीनं त्याच्या डोक्याखाली कपड्याची घडी सरकवली आणि त्याच्या बायकोला निरोप धाडला, "तुझा माणूस बी इथंच ठेवला आहे. धागा नाही आणला तरी चालते, घेऊन जाजो."

दुपारच्या वेळी बाया ओसरीवर बसायच्या. कोणी नवऱ्याचं सांगू लागली की म्हातारी हात वर करायची. "त्याचं मंग. पहिले तुझं सांग. झोपली का? डोळा काहून सुजला?" सरकारी दवाखान्यात व्यसनाचा डॉक्टर कोणत्या वारी बसतो हे तिला माहीत. कोणासोबत कोणी जायचं हेही तीच ठरवायची. एकटीला पाठवत नव्हती. मी पायरीवर पाठ करून बसायचो, कोणाच्या तरी डब्याची कडी ठोकत. बायकांच्या गोष्टी ऐकायला मी बसत नव्हतो, पण कान कुठं ठेवणार?

एक नवी आली आणि म्हणाली, "इथं तं साऱ्या पेणाऱ्यांच्या बायका. हा बुढा कोणाची बायको?"

साऱ्या हसल्या. म्हातारी म्हणाली, "त्यालेच विचार."

"बाप," मी म्हणालो.

कोणाचा, ते मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. हसणं मात्र थांबलं, आणि कोणीतरी माझ्यापुढं चहा ठेवला.

त्यानंतर मी माझी छिन्नी-हातोडी स्वतः तिच्याकडं नेली. माझ्या उस्तादानं दिलेली ती. म्हातारीनं पिवळा धागा काढला, तोडला. "ठेवा, भाऊ. माझ्या घरातून आता काही जात नाही."

"एवढं सामान," मी म्हणालो, "आणि तुमच्या दाराला कुलूप नाही. बढाई मारायची तर कुलूप तरी लावा."

ती हसली. "कुलूप त्याच्यासाठी लावत होती जी. माझ्या पोरासाठी. मागाचा धोटा बी विकून आला होता तो. तो गेला, मंग कुलूप कोणासाठी लावू?"

त्या दिवशी मला ते वाक्य कळलं. तुम्हालाही कळलं असेल. इतके दिवस मी ते बढाई म्हणून ऐकत होतो.

तिच्या सांगण्यावरून मी पोराला डॉक्टरकडं नेलं. "नेऊन पाहा," ती म्हणाली, "पण त्याच्या मागं तुमी नका मरू. घरी सून आहे, नातू आहेत." तो दिवाळीपर्यंत चांगला राहिला. वरठीला कामावर जात होता, सायकलनं. नातवाला फुलझड्या आणल्या त्यानं. मग पुन्हा प्यायला लागला. पुन्हा नेलं, पुन्हा लागला. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. त्याच्या बायकोनं केलं, मी केलं, डॉक्टरांनीही केलं. काही कमी केलं असं मी कोणाला म्हणू देत नाही. तो गेला.

पोरं घेऊन सून नाकाडोंगरीला माहेरी निघाली. जाताना माझ्या पाया पडली आणि हातात लाल धागा ठेवला. "गुंड आणून घ्या, मामाजी. तुमाले पाणी भराले लागल."

मी कोष्टीपुऱ्यात गेलो. त्या दिवशी म्हातारीनं "धागा आणला का" असं विचारलं नाही. मीच मूठ उघडली. तिनं पाहिलं, मागावरून उठली, गुंड आणून माझ्या हातात दिला. "आता घरीच राहू द्या," एवढंच म्हणाली. पदर तोंडाला लावून पुन्हा मागावर बसली, पण धोटा काही चालवला नाही.

या उन्हाळ्यात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, परत आणली ती तशीच. वैनगंगेवर आम्ही तिला पोचवून आलो. तेव्हा घरापुढं बाया उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात अर्धा धागा. घर तिच्या पुतण्याचं. तो नम्रपणे म्हणाला, "घर किरायानं दिलं आहे जी. उद्या सामान हलवा." त्याची चूक नाही. पण त्या बाया सामान हलवणार कुठं? घरी नेलं तर दुसऱ्या दिवशी बाजारात. कुकरवाली तर धागा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. कोणी कोणाकडं पाहत नव्हतं. मी घरी आलो. घिडौचीवर गुंड होता. आतल्या खोलीला कुलूप होतं. पोरगा जाऊन इतके दिवस झाले, तरी मी ते लावतच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते कुलूप काढलं आणि किल्लीसकट भंगारवाल्याला दिलं. सायकल काढली, पोतं बांधलं, आणि कोष्टीपुऱ्यातून एकेक खेप आणू लागलो. धागे सुटू दिले नाहीत. शेवटच्या खेपेला माझी छिन्नी-हातोडी आणली आणि तिच्या मागावर उरलेली धाग्याची लडी.

घरी पोचलो तर दारात एक अनोळखी पोरगी उभी. छातीशी मिक्सर धरलेला. माझ्याकडं पाहत होती, आत यावं की नाही ते ठरत नव्हतं.

"ठेव माय," मी म्हणालो. "माझ्या घरातून आता काही जात नाही."

धागा मोजला. माझ्या तोंडात दात नाहीत, म्हणून पायरीवर धरून छिन्नीनं तोडला, आणि अर्धा तिच्या हातात दिला.