दत्तात्रेयाचं दुसरं पारायण

दत्तात्रेय काशीतल्या दुर्गाघाटावरचा वेदपाठी. वय सव्वीस. १९९८ साली त्यानं प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. मी मराठी साहित्याची पदवीधर, त्याची लहानपणापासूनची मैत्रीण. ऐकून मला नवलच वाटलं.

"मैत्रेयी, यात इटरेटर म्हणून एक गोष्ट आहे," तो म्हणाला. "मोठा ग्रंथ मशीनच्या डोक्यात एकदम मावत नाही. हा एकेक शब्द हातात देतो. पुढचा मागितला की पुढचा."

"म्हणजे तुझ्यासारखाच."

"छे. मला अख्खी संहिता पाठ आहे. याला फक्त आपण कुठवर आलो तेवढंच ठाऊक."

संस्कृत ग्रंथ कॉम्प्युटरवर आणण्याच्या एका कामात एक जागा निघाली होती. ती हुकली तर त्याला नाशिकला काकांकडे पूजा सांगायला जावं लागणार होतं. काशी सोडायची त्याची तयारी नव्हती.

चाचणीला मी सोबत गेले. कामाच्या प्रमुख हिमानीजींनी एक ग्रंथ दिला. प्रोग्रामनं आधी सगळ्यात लांब शब्द शोधायचा, मग तेवढ्याच लांबीच्या सगळ्या शब्दांची यादी करायची.

दत्तात्रेयानं प्रोग्राम लिहून चालवला. लांब शब्द सापडला. यादी मात्र कोरी.

"पंडितजी, जो शब्द अभी मिला, वही सूची में नहीं?" हिमानीजी हसल्या. "चार बजे तक देख लीजिए."

साडेतीन वाजले होते. दत्तात्रेय डोळे मिटून बसला. मग हळूच म्हणाला, "पारायण संपलं की आम्ही काय करतो?"

"जेवता."

"त्याच्या आधी."

"पहिला मंत्र परत म्हणता."

"पाठ संपलेला ठेवायचा नाही, म्हणून. मी धरून चाललो, हा इटरेटरही आपसूक पहिल्या शब्दावर येईल. हा शेवटालाच थांबलाय. मी पुढचा शब्द मागतोय आणि पुढे काही नाहीच."

त्यानं दोन ओळी वाढवल्या. फाईल पुन्हा उघडायची, नवा इटरेटर पहिल्या शब्दापासून सोडायचा. यादीत अकरा शब्द आले.

हिमानीजींनी ते स्वतः मोजले. "मशीन खुद लौट आएगी, ऐसा क्यों लगा?"

"हमारे यहाँ लौटते हैं."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सोमवार से आइए."

बाहेर आल्यावर तो माझ्याकडे वळला.

"काकांना पत्र तू लिही," म्हणाला. "साहित्य तू शिकलीस."