पेशीचे बांबू कोणी नेले?

भाद्रपद शुद्ध चतुर्थी : देखाव्यातली बांबूंची पेशी उभी. पंचमी, सकाळ : पेशी सोडली. पंचमी, दुपार : बांबू गायब. जबाबदार : एक, आमच्या पेणच्या आळीतील गणेश मंडळाचे अध्यक्ष, दोन, मांडववाला, तीन, अंशतः, माझे रोह्याचे व्याही.

तिसऱ्या नावाचा खुलासा करणे भाग आहे, कारण अख्ख्या रायगड जिल्ह्यात या निवृत्त विज्ञानशिक्षकाइतका निरुपद्रवी आणि तरीही इतका धोकादायक गृहस्थ दुसरा नाही. मुलीच्या साखरपुड्याला मी हुंडाबंदीची कलमे पाठ करून गेलो, तर यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पेशीला हाडं नसतात, मग ती आकार कसा धरते?" उत्तर त्यांनीच दिले : सूक्ष्मनलिका! प्रथिनांच्या पोकळ नळ्या! आमटीतल्या शेवग्याच्या शेंगा ताटात मांडून त्यांनी मला पेशी दाखवली आणि आमटी निवून गेली. "विभाजनाची वेळ आली की पेशी जुना मांडव सोडते, आणि त्याच सामानातून दोन टोकांच्या तारककेंद्रांपासून, म्हणजे नळ्या जिथून फुटतात त्या खुंट्यांपासून, नवा उभारते! कुठे, केव्हा, सगळं तिच्या ताब्यात. नगरपालिकेला जमलंय कधी?" नगरपालिकेकडे माझीच सात पत्रे पडून असल्याने मी तात्काळ सहमत झालो.

गेल्या वर्षी विहीणबाईंना कर्करोगाचे औषध सुरू झाले. ते नेमके याच नळ्या गोठवते. मांडव सुटत नाही, म्हणून रोगट पेशीचे विभाजन अडते. विहीणबाई म्हणाल्या, "जन्मभर ज्यांचं कौतुक ऐकलं, त्या नळ्या चालताना कशा दिसतात ते एकदा दाखवा तरी." त्या एका वाक्यासाठी व्याह्यांनी यंदा आमच्या मंडपात बांबूंची पेशी उभारली. पंचमीला संध्याकाळी सर्वांसमक्ष तिचे विभाजन व्हायचे होते. सकाळी त्यांनी जुनी रचना स्वहस्ते सोडली, बांबूंच्या मोळ्या बांधल्या आणि विहीणबाईंना आणायला रोह्याला गेले. तेवढ्यात मांडववाल्याने मोळ्या टेम्पोत भरून डोलवीच्या एका पूजेला रवाना केल्या!

मी जाब विचारला. "मोळी बांधलेली दिसली काका, म्हंजे कार्यक्रम संपला. आमच्या धंद्यात असाच हाय. अध्यक्षांना इचारला, ते बोलले, ‘ने’."

विहीणबाई आल्या. समोर रिकामी जागा. व्याही मात्र आनंदाने थरथरत होते. "बघ, बघ! हीच ती मधली अवस्था! जुनं सुटलंय, नवं उभं राहायचंय!"

"म्हणजे मी बरोबर वेळेवर आले," त्या हसून म्हणाल्या. "उरलेलं पुढच्या वर्षी बघीन."

व्याह्यांनी पहिल्या रांगेतली खुर्ची रुमालाने पुसून त्यांच्यापुढे ठेवली.

मला माफीनामा नको. अध्यक्षांनी विसर्जनापूर्वी ध्वनिक्षेपकावरून उत्तर द्यावे : पुढच्या वर्षीचा देखावा व्याह्यांचा, आणि विभाजन पुरे होईपर्यंत एकही बांबू हलणार नाही; हो की नाही? खासगीत दिलेले उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. विहीणबाई त्या वेळी पहिल्या रांगेत बसलेल्या असतील.