दोन कप्प्यांचा डबा

मंगळवारी पहाटे दादा गेला. सकाळी दिनेश त्याची रक्तदाबाची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन खोलीत गेला. परत येऊन म्हणाला, "आत्या, काका उठून नाही राहिले."

माझा हा थोरला भाऊ सौंसरच्या कोर्टात बाबू होता. बाल न्याय मंडळापुढे येणारी मुलं तो वर्षानुवर्षं बघत आला. अठरा वर्षांची झाली की ती सुधारगृहातून सुटायची, आणि फाटकाबाहेर कुणी उभं नसायचं. तिगावचा दिनेश त्यांतलाच. त्याला कानात आवाज यायचे. त्या भरात त्यानं एका दुकानदाराचं डोकं फोडलं होतं. दादानं त्याला पांढुर्ण्याला आमच्या घरी आणलं, संत्र्यांच्या मंडीत माल निवडायचं काम मिळवून दिलं, दर महिन्याला नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. एकदा त्याची आई त्याला जामसांवलीच्या मारुतीला घेऊन गेली आणि तिनं गोळ्याच बंद केल्या. दादा रागावला नाही. "मारुतीले हात जोडा बाई, पण गोळीही देत जा," एवढंच म्हणाला.

चूक आमचीही झाली. दिनेशच्या गोळ्या दादा आपल्या कपाटात कुलपात ठेवी. मोतीबिंदूसाठी तो चार दिवस नागपूरला राहिला, किल्ली त्याच्या खिशात... पोरगा बरा दिसतो, चार दिवसांनी काय होतं, असं मलाही वाटलं. दादा परतला तेव्हा दिनेश मोरीत बसून भिंतीशी भांडत होता. तो सावरल्यावर दादानं स्टीलचा एक डबा आणला, दोन कप्प्यांत दोघांच्या गोळ्या भरल्या आणि त्याच्या हातात दिला.

"माही गोळी आता तू देत जाय. मले याद राहत नाही."

"अन् मीच विसरलो त?"

"त गेलो मी कामातून. घे."

दशक्रियेच्या दिवशी कळलं, दादा गेल्यापासून दिनेशनं स्वतःची गोळी घेतलीच नव्हती; आवाज पुन्हा सुरू झाले होते. डबा माझ्यापुढे धरून त्यानं विचारलं, "मले उशीर झाला का आत्या, त्या दिवशी?"

"नाही रे. तू रोजच्याच वेळेला गेला होता." त्याला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. घरी येऊन मी दादाचा कप्पा रिकामा केला आणि त्यात माझ्या थायरॉइडच्या गोळ्या भरल्या.

"सकाळी उपाशीपोटी लागते. मी विसरते."

तो डब्याकडे पाहत राहिला. "तुम्ही नाही विसरत काही."

"आता विसरीन."

याला पाच आठवडे झाले. सकाळी सहाला माझं दार वाजतं. डबा दिनेशकडे आहे.